अप्पांची अभ्यासिका

८ जानेवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून शेवटी कागद काढला. ऑफिसात सगळ्यांना तूच दटावायचास ना, "तोंडी काही नको, लेखी द्या" म्हणून? घे, लेखी देते.

कामाचं आहे. दुसरं काही नाही, घाबरू नकोस. अप्पा बरे आहेत.

विद्यापीठाने नवं अध्ययन केंद्र बांधायला काढलंय आणि आराखड्याचं काम आपल्या ऑफिसकडे आलंय. सगळ्या विभागांची मुलं एकत्र बसून काम करतील, वीज कमी जळेल, उजेड-वारा आपसूक मिळेल अशी इमारत त्यांना हवी आहे. जागा कुठली दिलीय, सांग बघू? अप्पांनी बांधलेल्या अभ्यासिकेची.

अभ्यासिका पाडा आणि तिथे बांधा, असंच त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, आधी तिथे बसणाऱ्यांना तर विचारू. मग उपाहारगृहात टेबलं जोडली, विद्यापीठाचा मोठा नकाशा पसरला आणि मुलांच्या हातात टाचण्या दिल्या. तुम्ही खरोखर जिथे बसून अभ्यास करता तिथे खोचा, म्हटलं. (तू मला टाचणी म्हणायचास ते आठवलं. हसले नाही.) नव्या वातानुकूलित ग्रंथालयात तुरळक टाचण्या. अभ्यासिकेच्या जिन्यावर आणि मागच्या व्हरांड्यात इतकी गर्दी झाली की तिथे नकाशा फाटला.

मुलांमध्ये एक चष्मेवाली आहे, पर्यावरणशास्त्राची. बोलायला उभी राहिली की आधी चष्मा काढते, म्हणजे समोरचे चेहरे दिसत नाहीत आणि भीती वाटत नाही. ती म्हणाली, "मॅडम, उभी असलेली इमारत पाडून नवी बांधायची आणि वर तिला हिरवी म्हणायचं, हे मला पटत नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

तर असं ठरलं: अभ्यासिका ठेवायची. तिच्या दोन बाजूंनी नवं बांधायचं आणि मध्ये सगळ्यांचं अंगण. अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

आता तुझ्याकडे काम असं, की इमारतीच्या मजबुतीचा दाखला लागेल. ज्यावरून तुमचा अबोला सुरू झाला, त्या दिवशी जेवताना तू अप्पांना जे बोललास, छत आतून सडतंय वगैरे, ते नुसतं बघून बोलला होतास. नमुने काढले नव्हतेस. तुझ्याच शिकवणीप्रमाणे ते धरता येत नाही. मी आता काँक्रीटचे नमुने काढून तपासायला दिलेत. निकाल आले की पाठवते. तू फक्त बघ.

उत्तर दे.

२ फेब्रुवारी

दादा,

सोबत निकाल आहेत आणि तुळयांचे फोटो. शांतपणे डोळ्यांखालून घाल.

काल समितीपुढे प्रतिकृती मांडली. कुलगुरू, बांधकाम अधिकारी आणि ज्या दोन विभागांना सामायिक दालन मिळणार त्यांचे प्रमुख, असे सगळे होते. दालनाच्या मध्ये सरकती भिंत आहे, ती मी बोटाने सरकवून दाखवली.

भौतिकशास्त्राचे प्रमुख म्हणाले, "एकत्र म्हणजे नक्की किती एकत्र? आमच्या बाजूने कडी असेल ना?"

साहित्याच्या प्रमुख म्हणाल्या, "मग आमच्याही बाजूने हवी."

झालं. सहकार्याच्या दालनाला दोन्हीकडून कड्या. बांधकाम अधिकाऱ्याने तशी नोंदही घेतली.

मग कुलगुरू. माणूस गोड आहे, रागवावं तर निमित्त सापडत नाही. "मॅडम, कल्पना उत्तम. पण जुन्याला नवं चिकटवलं की सगळंच जुनं दिसतं हो. बाहेरून पाहुणे येतात. पुढच्या बाजूला काच घेतली तर?"

"काच घेतली तर आत भट्टी होईल, सर. मग ती थंड करायला वीज जाळायची."

"काचेच्या इमारतींनाही हिरवं प्रमाणपत्र मिळतं ना पण?"

मिळतं.

तेवढ्यात चष्मेवाली उठली. विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून तिला बोलावलं होतं, म्हणजे फोटोपुरतं. चष्मा काढून तिने विचारलं, "सर, अभ्यासिका पाडली तर तो सगळा राडारोडा कुठे नेऊन टाकणार?" कुलगुरू कौतुकाने हसले.

शेवटी ते मला म्हणाले, "तुमच्या बंधूंनी आमच्या इतक्या इमारती तपासल्यात. त्यांचा शब्द आम्ही मानतो. ते टिकेल म्हणाले तर ठेवू, जा."

म्हणजे आता सगळं तुझ्या हातात आहे. मला खोटा दाखला नको. एवढं मात्र म्हणेन, की जिथे दोन अर्थ निघत असतील तिथे कुठला धरायचा हे माणसाच्या मनावर असतं. समजलास ना?

तुला लिहिते हे अप्पांना सांगितलेलं नाही. उगाच कशाला.

१७ मार्च

तुझा अहवाल मिळाला. मूळ प्रत विद्यापीठाला, नक्कल मला. वर काय, तर "माननीय महोदया". दादा, महोदया? सायकलवरून पाडलंस तेव्हा कुठे गेली होती महोदया?

"इमारत वापरास अयोग्य. दुरुस्ती निष्फळ ठरेल." सही, शिक्का. बहिणीसाठी वेगळी एक ओळ नाही.

इथपर्यंत परवा लिहिलं आणि ठेवून दिलं. पुढचं आज लिहिते.

काल हातोडी घेऊन अभ्यासिकेत गेले. तू चुकलास हे मला सिद्ध करायचं होतं. वरच्या मजल्यावर शिडी लावून चढले आणि मधल्या तुळईवर हातोडी नुसती टेकवावी तशी मारली. आवाज भरीव नव्हता, रिकाम्या डब्यासारखा आला. दुसऱ्या ठोक्याला परातीएवढा पापुद्रा सुटून खाली गेला. आत सळईच्या जागी तांबडा भुगा. खाली अंतरावर एक मुलगी वाचत बसली होती. तिने दचकून वर बघितलं, वहीवरची धूळ झटकली आणि पुन्हा वाचायला लागली. इतका विश्वास, दादा. डोक्यावर छत आहे म्हणजे ते राहणारच.

शिडीवरून उतरले, सगळ्यांना बाहेर काढलं, बांधकाम अधिकाऱ्याला बोलावून तिथल्या तिथे कुलूप लावलं. मुलं विचारत होती, कधी उघडणार? मी "बघू" म्हटलं.

तुझा अहवाल रात्रीपर्यंत पाठ झाला होता. काँक्रीटमधला खार, म्हणजे मीठ, बाहेरून मुरला असता तर वरचा थर काढून भागलं असतं, पण हा बांधतानाच आत कालवला गेलाय, म्हणून एका जागी डागडुजी केली तर दुसरीकडे सडेल. कळलं. तो आत आला कसा, हे तू लिहिलेलं नाहीस. मीही अप्पांना विचारलं नाही.

आणि अप्पा बरे आहेत असं लिहिलं होतं ना, तसे ते नाहीत. डोळ्यांचा मधला भाग गेलाय. समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं, म्हणून आपल्याशी बोलताना ते मान वळवून भलतीकडे बघतात. नवखा माणूस समजतो, याला आपल्यात रस नाही. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतात. तुला कळवू नकोस, असं त्यांनी बजावलं होतं. मी ऐकलं.

२५ एप्रिल

दादा,

अभ्यासिका पाडायचं ठरलं, हे अप्पांना अजून सांगितलेलं नाही.

रोज सकाळी चहा झाला की ते कागद मागतात. जाड मार्कर लागतो, बारीक रेघ त्यांना दिसत नाही. मान तिरकी करून, पाखरू दाणा बघतं तसं कागदाकडे बघत, जुनी अभ्यासिका आणि नवी इमारत जिथे भेटतात तो सांधा काढत बसतात. रोज नवा. काल म्हणाले, "जुन्यावर नव्याचा भार टाकायचा नाही. मध्ये फट ठेव. दोघांना आपापलं हलू दे."

मी म्हटलं, "हो अप्पा."

"अधिकाऱ्याला दाखवलंस का कालचं?"

"दाखवलं."

"काय म्हणाला?"

"आवडलं म्हणाला."

कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकते आणि ऑफिसला जाते. तिथे ज्या नकाशावर काम चाललंय त्यात अभ्यासिका नाहीच.

तुझे मेहुणे म्हणतात, "सांगून टाक. तुला जमत नसेल तर मी सांगतो." मी दर वेळी म्हणते, या आठवड्यात नको. का, ते ऐक. हे काम सुरू झाल्यापासून अप्पा दोन घास जास्त खातात. वॉकर घेऊन अंगणाच्या दारापर्यंत जातात. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई मला विचारते, "काय जादू केलीत हो तुम्ही?" तिला काय सांगू?

ऑफिसचं म्हणशील तर तुझ्या अहवालानंतर माझ्याकडे बोलायला काही उरलंच नाही. पुढच्या बाजूला काच आली. अंगण अर्ध्यावर आलं, कारण पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या? काम सोडून द्यावं असं रोज वाटतं. पण मी सोडलं तर जो येईल तो पश्चिमेची झाडंही ठेवणार नाही, हे मला माहीत आहे. राहिले तर त्या काचेखाली माझी सही. माझ्या हातात आता फक्त मागची बाजू उरली आहे, जिथे पाहुणे जात नाहीत. तिथे जाड भिंती, खोल सावली, उघडणाऱ्या खिडक्या, सगळं दामटून घातलंय.

चष्मेवालीच्या गटाने ठरवलंय की पाडायच्या आधी अभ्यासिकेच्या खिडक्या, दारं आणि फरशा सोडवून घ्यायच्या आणि नव्या इमारतीत मागच्या बाजूला बसवायच्या. कुलगुरूंनी लगेच परवानगी दिली. मुलं हातमोजे घालून फरशा उचलतायत, असा फोटो त्यांना हवाच होता. पण मुलं खरंच उचलतायत, दादा. एकेक फरशी मागून खरवडून, पुसून, जुन्या पोत्यांत गुंडाळून ठेवतात.

राहू का सोडू? लेखी सांग. तोंडी सांगितलंस तरी चालेल.

१९ जून

दादा,

सगळं फुटलं. माझ्याच घरात, माझ्याच समोर.

अभ्यासिका गेल्या महिन्यात पाडली. मी गेले नव्हते. ज्या दिवशी यंत्र येणार होतं त्या दिवशी दुसऱ्या कामाच्या जागेवर उगाचच भिंती मोजत बसले.

अप्पांच्या त्या खिडक्या तुला आठवतात? मधल्या खिळीवर फिरणाऱ्या, वारा येईल तशा वळवता येणाऱ्या. त्या मुलांनी सोडवल्या खऱ्या, पण पुन्हा बसवायच्या कशा हे कुणालाच उमगेना. दहा दिवसांपूर्वी संध्याकाळी चष्मेवाली अचानक घरी आली. एक झडप कापडात बांधून खांद्यावर घेऊन आली होती. मी आतल्या खोलीत फोनवर होते. बाहेर येईपर्यंत ती अप्पांच्या शेजारी बसली होती, झडप त्यांच्या मांडीवर आणि अप्पा बोटांनी खीळ चाचपत तिला समजावत होते. चेहरा असा फुललेला, मी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. मी दारातच थांबले. तेव्हाच मध्ये पडले असते तर.

"खीळ जिच्यात फिरते ती खालची वाटी आधी बसवायची," अप्पा सांगत होते. "पण ही काढलीत कशाला? रंगवायला?"

"नाही सर. आम्ही सगळ्याच काढल्या. पाडताना एकही काच फुटली नाही."

"काय पाडताना?"

ती हसतच होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बघून तिचं हसू तसंच विरलं, आणि तिने चष्मा काढला.

अप्पांनी मान वळवली. म्हणजे ते माझ्याकडे बघत होते. "काय पाडलं?"

मी सांगितलं. सळया, नमुने, कुलूप. त्या पोरीला जा म्हणायचंही भान मला राहिलं नाही, ती तशीच झडप धरून बसली होती.

"पाडा म्हणून कोण म्हणालं?"

मी तुझं नाव घेतलं. मला वाटलं, आता आकांत होईल. पण अप्पा झडपेवरून हात फिरवत म्हणाले, "मग बरोबर असेल."

मग हळूहळू बोलायला लागले. त्या वर्षी पाण्याचे टँकर येईनात. काम थांबलं असतं तर हातचं गेलं असतं. आवारात विहीर होती, पाणी जरा मचूळ. मुकादमाने विचारलं, काँक्रीटला चालेल का साहेब? अप्पा चालेल म्हणाले. "चाळीस वर्षं त्या छताखालून गेलो की वर बघायचो," म्हणाले. "तो जेवताना बोलला तेव्हा मला कळलंच होतं. म्हणून तर ओरडलो."

मी त्यांच्या जवळ गेले. गुडघ्यावर हात ठेवला. तो त्यांनी उचलून बाजूला ठेवला, रागाने नाही, एखादी वस्तू हलवावी तसा.

"त्याने तोंडावर सांगितलं," ते म्हणाले. "आणि तू माझ्याकडून रोज सकाळी रेघोट्या ओढून घेत होतीस. पोराला पाटी देऊन बसवतात तशी."

"अप्पा, तुम्ही त्यामुळे चालायला लागलात..."

"पुरे."

तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. तुझ्या मेहुण्यांशी बोलतात, व्यायामवालीशी बोलतात. सकाळी चहा मी ठेवते, कप उचलतात, पितात. कागद मागत नाहीत.

चष्मेवालीने तीनदा माफी मागितली. तिचा काय दोष? तिला खिडकी बसवायची होती.

१२ ऑगस्ट

दादा,

तू फोन केलास. मला नाही, त्यांना. चांगलं केलंस.

आता रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीचं दार लागतं आणि आतून तुमचं बोलणं ऐकू येतं, म्हणजे त्यांचं. काल ते मोठ्याने हसले. मी स्वयंपाकघरात होते. तुमचं जुळावं म्हणून तर मी मधल्या मध्ये इतकी वर्षं झुरले, तेव्हा मला आनंद झाला. खरंच झाला. मग चहा उतू गेला आणि ओटा पुसता पुसता मला इतकं रडू आलं, की तुझे मेहुणे धावत आले, त्यांना वाटलं भाजलं.

त्यांना तिकडे न्यायचं ठरवलंयस, हे मला मेहुण्यांकडून कळलं. डॉक्टर म्हणतात प्रवास झेपेल. मी "नको" म्हणू शकत नाही, म्हणायला मी कोण उरले? तरी एकदा खोलीच्या दाराशी जाऊन विचारलं, "अप्पा, तुम्हाला खरंच जायचंय?" त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

म्हणून तुला सांगून ठेवते. पाणी ते मागून घेत नाहीत, समोर ठेवावं लागतं, आणि डाव्या हाताला, कारण तिकडून दिसतं. खोलीतल्या वस्तू हलवू नकोस, वॉकर आपटतो. डोळ्यांत थेंब घालताना आधी सांग, नाहीतर दचकतात. भलतीकडे बघत असले तर समज की ते तुझ्याकडेच बघतायत. हे वहिनीलाही सांग, नाहीतर तिला वाटेल आपण नकोशा आहोत. आणि कधी छतावरचा एखादा डाग दाखवून घाबरले, तर हसू नकोस.

२७ सप्टेंबर

दादा,

पोचल्याचं मेहुण्यांनी सांगितलं. थंडी फार आहे का तिकडे? लोकरीचे मोजे बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत.

विमानतळावर मी गेले होते. त्यांना आवडलं की नाही माहीत नाही. चाकाच्या खुर्चीवर बसवायला एक कर्मचारी आला, कागद बघत त्याने विचारलं, "आजोबा, सोबत कोण आहे?" मी त्यांच्या मागेच उभी होते, खुर्चीची मूठ धरून.

अप्पा म्हणाले, "कुणी नाही."

तो मूठ घ्यायला पुढे आला. मी दिली. ते आत गेले, एकदा मान वळली. आता ती मान माझ्याकडे बघायला वळली, की दुसरीकडे बघायला, हे मला कधीच कळणार नाही. इतके दिवस मीच सगळ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगत होते.

इमारत वर येते आहे. पुढची काच पुढच्या वर्षी लागेल, ती लागू नये म्हणून काही करता आलं तर करीन, पण करता येणार नाही. मागच्या बाजूला मुलांनी पहिली खिडकी बसवली. खालची वाटी आधी बसवली, मग फिरली.

एक काम होतं. मागच्या गच्चीचं पाणी कुठल्या अंगाला काढायचं यावर आम्ही अडलोय. पूर्वेला काढलं तर पायाशी मुरतं, पश्चिमेला काढलं तर झाडांच्या मुळांत साचतं. ऑफिसात सगळ्यांनी डोकं लावून झालं. अप्पांनी असं एक काम पूर्वी केलेलं आहे, त्यांना विचारशील? माझं नाव घेऊ नकोस हवं तर. विद्यापीठातून विचारलंय म्हण. नकाशा सोबत जोडलाय, रेघा जाड काढल्यात, त्यांना कडेने दिसतील अशा.

आणि त्यांना सांग, की या वेळी खरंच अडलंय.

टाचणी